पर्चेस रजिस्टर टूबीशी जुळण्याआधी: डेटा तपासण्याचे आणि सुधारण्याचे नियम कसे लिहायचे

पुरवठादाराने तुमचं बिल त्याच्या विवरणपत्रात दाखवलं आणि ते तुमच्या जीएसटीआर-टूबीमध्ये (पोर्टलवर आपोआप तयार होणारी क्रेडिटची मासिक यादी, थोडक्यात टूबी) उमटलं, तरच त्या खरेदीवरच्या कराचं क्रेडिट, म्हणजे आपण भरायच्या करातून वजावट, घेता येतं. १ जानेवारी २०२२ पासून हे पक्कं झालं आहे. टूबी दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होतं आणि मासिक विवरणपत्र भरणाऱ्यांना थ्री-बी (कर भरण्याचं विवरणपत्र, जीएसटीआर-थ्रीबी) साधारण २० तारखेपर्यंत भरायचं असतं. मधल्या पाच-सहा दिवसांत आपलं पर्चेस रजिस्टर (खरेदीच्या बिलांची नोंदवही) आणि टूबी ओळीला ओळ जुळवायची असते. बिल जुळत नाही म्हणून पुरवठादाराला फोन जातो, तो म्हणतो मी तर भरलंय, आणि शेवटी कळतं की आपल्याच रजिस्टरमध्ये त्याच्या जीएसटी नंबरात शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ टाइप झाला होता. व्यवहार खरा, कर भरलेला, आणि तरी क्रेडिट अडकलेलं.

हा लेख अशा डेटाबद्दल आहे. अकाउंट्स खात्यात नुकतेच रुजू झालेले, सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप करणारे, घरचा धंदा हाती घेतलेले अशांना समोर ठेवून लिहिला आहे. एक्सेल येतं एवढं गृहीत धरलं आहे, प्रोग्रॅमिंग नाही.

नियम म्हणजे इथे एक साधं वाक्य: ‘या रकान्यात असं असलं पाहिजे, नसेल तर अमुक करायचं.’ प्रत्येक ऑफिसात असे नियम असतात, पण ते एखाद्या जुन्या हिशोबनिसाच्या डोक्यात किंवा कोणीतरी कधीतरी लिहिलेल्या लांबलचक फॉर्म्युल्यात असतात. तो माणूस रजेवर गेला की तपासणी थांबते आणि फॉर्म्युला कोणी पुसला तर कळतही नाही. म्हणून सगळ्या लेखात मी एकाच गोष्टीचा आग्रह धरणार आहे: नियम सगळ्यांना वाचता येईल अशा तक्त्यात लिहा आणि कोणत्याही नियमाला गुपचूप डेटा बदलू देऊ नका. गुपचूप दुरुस्त झालेली चूक शोधायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण ती चुकीसारखी दिसतच नाही.

पहिली पायरी: मूळ फाइलला हात लावायचा नाही

फाइल आली की तिची एक प्रत ‘मूळ’ नावाच्या फोल्डरमध्ये टाका आणि ती केवळ वाचण्यासाठी ठेवा. काम दुसऱ्या प्रतीवर करायचं.

फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी मजकुराची फाइल) असेल तर ती डबल क्लिक करून उघडू नका. एक्सेल उघडतानाच स्वतःच्या समजुतीने रकान्यांचे प्रकार ठरवतं आणि तिथेच डेटा बिघडतो. नळाच्या फिटिंगचं दुकान असेल तर मालाच्या मापाच्या रकान्यात १/२ आणि ३/४ असतं. एक्सेल त्याची १ फेब्रुवारी आणि ३ एप्रिल करून टाकतं. बँक खात्याचा क्रमांक १६ अंकी असेल तर एक्सेल पहिले १५ अंकच खरे ठेवतं आणि सोळाव्या जागी शून्य लावतं. तूरडाळीचा एचएसएन (मालाच्या वर्गीकरणाचा संकेतांक) ०७१३, त्यातलं पुढचं शून्य जाऊन ७१३ उरतं. यातलं शेवटचं परत आणता येतं. खात्याचा गेलेला सोळावा अंक त्या फाइलमधून कधीच परत येत नाही.

त्यामुळे ‘डेटा’ टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ वापरा आणि डेटाचा प्रकार ओळखू नकोस असा पर्याय निवडा. ‘ट्रान्स्फॉर्म डेटा’ वरून पॉवर क्वेरी (एक्सेलमधलंच डेटा आत आणण्याचं साधन) उघडली आणि तिथे ‘चेंज्ड टाइप’ नावाची पायरी आपोआप आलेली दिसली तर ती काढून टाका. सगळे रकाने आधी मजकूर म्हणूनच आत येऊ द्या. कोणता रकाना संख्या आणि कोणता तारीख, हे पुढे आपण ठरवायचं. ज्या आकड्यांची कधी बेरीज होणार नाही (पिनकोड, मोबाइल, खाते क्रमांक, एचएसएन) ते शेवटपर्यंत मजकूरच राहतात.

दुसरी पायरी: नियम लिहिण्याआधी डेटा पाहून घ्या

नवशिक्यांना नियम लिहायची घाई असते. थोडं थांबा. प्रत्येक रकान्याशेजारी एक तात्पुरता रकाना घेऊन त्यात मजकुराची लांबी काढा (‘लेन’ फंक्शन) आणि कोणती लांबी किती वेळा आली याचा पिव्होट करा. जीएसटीआयएनच्या (जीएसटी नोंदणी क्रमांकाच्या) रकान्यात सगळीकडे १५ दिसायला हवं. तिथे १६ दिसलं तर बहुधा शेवटी मोकळी जागा आहे, १४ दिसलं तर अक्षर गळलंय, आणि २ किंवा १२ दिसलं तर कोणीतरी ‘एनए’ किंवा ‘अनरजिस्टर्ड’ असं लिहिलंय.

हा शेवटचा प्रकार नीट समजून घ्या. रिकामा कप्पा, शून्य, आडवी रेघ, ‘एनए’, ‘निरंक’, ‘नंतर देतो’ या सहा नोंदी वरवर सारख्या वाटतात, पण त्यांचा अर्थ एक नाही. नोंदणी नसलेल्या पुरवठादाराचा जीएसटीआयएन रिकामा असणं बरोबर आहे. नोंदणी असलेल्याचा रिकामा असणं ही त्रुटी आहे. म्हणून ‘नोंदणीची स्थिती’ असा वेगळा रकाना करा, त्यात नियमित, कंपोझिशन (छोट्या व्यापाऱ्यांची ठोक दराने कर भरण्याची योजना), अनोंदणीकृत, माहिती बाकी यांपैकी एकच शब्द चालेल असं ठरवा आणि जीएसटीआयएनच्या रकान्यात फक्त जीएसटीआयएन ठेवा. या एका बदलाने पुढचे कितीतरी नियम सोपे होतात.

तिसरी पायरी: नियमांचा तक्ता

वेगळ्या शीटवर प्रत्येक नियमाला एक ओळ द्या. त्यात क्रमांक, रकाना, अट, कारण, निकाल, कधीपासून कधीपर्यंत लागू, आणि शंका आली तर विचारायचं कोणाला, एवढं असावं. उदाहरणार्थ:

नियम ७. रकाना: बिल क्रमांक. अट: १६ अक्षरांपेक्षा मोठा नसावा, त्यात इंग्रजी अक्षरं, अंक, आडवी रेघ आणि तिरकी रेघ एवढंच असावं. कारण: जीएसटी नियमावलीतला नियम ४६. निकाल: विचारा. लागू: १ जुलै २०१७ पासून. विचारायचं: खरेदी विभाग.

कारणाचा रकाना लोक गाळतात. तो गाळू नका. दोन वर्षांनी कोणी विचारलं की ही अट का आहे, तर उत्तर तिथे असलं पाहिजे. कारण माहीत नसलेला नियम कोणी काढतही नाही आणि पाळतही नाही.

निकाल तीनच ठेवा. ‘दुरुस्त करा’ म्हणजे यंत्राने स्वतः बदलायचं आणि बदलाची नोंद ठेवायची. ‘विचारा’ म्हणजे ओळ पुढे जाईल, पण कोणीतरी माणसाने पाहिली पाहिजे. ‘थांबवा’ म्हणजे ही ओळ दुरुस्त झाल्याशिवाय पुढे जाणार नाही. सुरुवातीला सगळंच थांबवावंसं वाटतं. तसं केलं तर निम्मं रजिस्टर अडकतं, वरिष्ठ वैतागतात आणि आठवड्यात तपासणीच बंद होते. ज्या चुकीने पैसे चुकीच्या जागी जातील किंवा विवरणपत्र चुकेल तीच थांबवायची.

चौथी पायरी: आधी साफसफाई, मग तपासणी, मग बदल

डेटा आधी तपासायचा की आधी सुधारायचा? माझं ठाम मत असं की सुधारणेचे दोन भाग करावेत. ज्याने अर्थ बदलत नाही ती साफसफाई तपासणीच्या आधी करावी. ज्याने अर्थ बदलू शकतो तो बदल तपासणीनंतर करावा, आणि तो झाल्यावर तपासणी पुन्हा चालवावी.

साफसफाई म्हणजे पुढच्या-मागच्या मोकळ्या जागा काढणं, जीएसटीआयएन आणि पॅन मोठ्या लिपीत आणणं, ओळ तोडणारी अदृश्य चिन्हं काढणं. एक्सेलचं ‘ट्रिम’ फंक्शन नेहमीची मोकळी जागा काढतं, पण वेबपानावरून किंवा पीडीएफमधून चिकटवलेल्या मजकुरात कोड १६० असलेली न तुटणारी मोकळी जागा असते. ती ट्रिमला दिसत नाही आणि ‘क्लीन’ फंक्शनलाही नाही. ती ‘सब्स्टिट्यूट’ने आधी साध्या जागेत बदलावी आणि मग ट्रिम लावावं. दोन कप्पे डोळ्यांना तंतोतंत सारखे दिसतात, तरी एक्सेल त्यांना वेगळे म्हणतं, तेव्हा पहिला संशय या चिन्हावर घ्या.

साफ केलेली किंमत नव्या रकान्यात जाते. जुना रकाना तसाच राहतो. शेवटच्या अहवालात दोन्ही शेजारी दिसले पाहिजेत.

पाचवी पायरी: जीएसटीआयएन

एक चांगला नियम कसा बांधतात हे शिकायला जीएसटीआयएनसारखं दुसरं साधन नाही, कारण त्याच्या प्रत्येक जागेला अर्थ आहे.

पहिली दोन अक्षरं राज्याचा संकेतांक: महाराष्ट्र २७, गोवा ३०, कर्नाटक २९, गुजरात २४, तेलंगणा ३६, दिल्ली ०७. पुढची दहा म्हणजे पॅन: पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर. तेरावं चिन्ह त्याच पॅनवर त्याच राज्यातली कितवी नोंदणी ते सांगतं. चौदावं नेहमीच्या करदात्यांसाठी झेड. पंधरावं तपासणीचं चिन्ह.

पॅनचं चौथं अक्षर धारकाचा प्रकार दाखवतं. पी म्हणजे व्यक्ती, सी कंपनी, एफ भागीदारी संस्था, एच हिंदू अविभक्त कुटुंब, टी न्यास. यातून एक सुंदर नियम निघतो: पार्टीच्या नावात ‘प्रायव्हेट लिमिटेड’ असेल आणि जीएसटीआयएनचं सहावं अक्षर सी नसेल, तर काहीतरी चुकलंय. बहुधा मालकाच्या जुन्या प्रोप्रायटरी दुकानाचा नंबर कंपनीच्या नावावर लागलेला असतो.

आता ओ आणि शून्य. प्रत्येक जागी अक्षर येणार की अंक हे आधीच ठरलेलं असल्यामुळे पहिल्या, दुसऱ्या आणि आठव्या ते अकराव्या जागी ओ दिसला तर तो शून्यच असणार. तिसऱ्या ते सातव्या आणि बाराव्या जागी शून्य दिसलं तर तो ओ असणार. आय आणि १, एस आणि ५, बी आणि ८ यांनाही हेच लागू. तेराव्या आणि पंधराव्या जागी मात्र दोन्ही येऊ शकतात, तिथे यंत्राने अंदाज करू नये. हा बदल ‘दुरुस्त करा’ प्रकारात टाकायला मी तयार आहे, पण एका अटीवर: दुरुस्तीनंतर तपासणीचं चिन्ह जुळलं पाहिजे.

ते चिन्ह असं काढतात. ० ते ९ ची किंमत तीच, ए ची १०, बी ची ११, असं करत झेडची ३५. पहिल्या चौदा चिन्हांच्या किमतींना आळीपाळीने १ आणि २ ने गुणायचं. प्रत्येक गुणाकाराला ३६ ने भागून भागाकार आणि बाकी यांची बेरीज घ्यायची. या सगळ्या बेरजा मिळवायच्या, एकूण संख्येला पुन्हा ३६ ने भागून बाकी काढायची आणि ती ३६ मधून वजा करायची. उत्तर ३६ आलं तर शून्य धरायचं.

सरावासाठी एक खोटा नंबर घेऊ: २७, मग पाच वेळा ए, चार शून्यं, पुन्हा ए, मग १ आणि झेड. (पॅनमधले चार अंक ०००१ पासून सुरू होतात, त्यामुळे हा नंबर कोणाचाच नाही.) गुणाकारांतून मिळणाऱ्या किमती क्रमाने २, १४, १०, २०, १०, २०, १०, मग चार शून्यं, २०, १ येतात. झेडच्या ३५ चे दुपटीने ७० होतात. ७० ला ३६ ने भागलं की भागाकार १, बाकी ३४, म्हणजे ३५. सगळ्यांची बेरीज १४२. तिला ३६ ने भागून बाकी ३४. ३६ वजा ३४ म्हणजे २. पंधरावं चिन्ह २ असेल तर नंबर नीट लिहिलेला आहे. हे एकदा कागदावर करून पाहा, मग फॉर्म्युला कोणाकडून आयता घेतला तरी तो बरोबर आहे का हे तुम्हाला तपासता येईल.

एखादं चिन्ह चुकलं तर ही पद्धत ते नक्की पकडते. शेजारची दोन चिन्हं उलटसुलट झाली तरी जवळजवळ नेहमीच पकडते. पण तिला एवढंच कळतं की नंबर नीट लिहिलाय. तो चालू आहे का, त्याच पार्टीचा आहे का, हे तिला माहीत नसतं. त्यासाठी जीएसटी पोर्टलवर ‘सर्च टॅक्सपेअर’ मध्ये जाऊन नाव आणि स्थिती पाहावी लागते, आणि ते नव्या पुरवठादाराच्या पहिल्या बिलाआधी झालेलं बरं.

चौदाव्या जागी झेड नसेल तर ‘थांबवा’ लावू नका. टीडीएस कापणाऱ्या सरकारी कार्यालयांचे क्रमांक आणि परदेशी वकिलातींना मिळणारे यूआयएन (खास ओळख क्रमांक) यांची घडण वेगळी असते. तिथे ‘विचारा’ पुरेसं आहे.

सहावी पायरी: दोन रकाने एकमेकांना विचारतात

एका रकान्याचे नियम सोपे. खऱ्या चुका दोन रकान्यांमध्ये दडलेल्या असतात. करपात्र रक्कम गुणिले दर म्हणजे कर. सीजीएसटी (केंद्राचा वाटा) आणि एसजीएसटी (राज्याचा वाटा) समान. करपात्र रक्कम अधिक सगळे कर म्हणजे बिलाची एकूण. पुरवठादार कंपोझिशनमध्ये असेल तर त्याच्या बिलावर कर असताच कामा नये. हे नियम लगेच लिहून टाका. रकमा जुळवताना एक रुपयापर्यंतचा फरक सोडून द्या, कारण प्रत्येकाची पूर्णांक करण्याची रीत वेगळी असते. आणि तुलना करण्याआधी दोन्ही बाजू दोन दशांशांपर्यंत ‘राउंड’ करा. संगणक दशांश आतून द्विमान पद्धतीने साठवतो, त्यामुळे सारख्या दिसणाऱ्या रकमांत अतिसूक्ष्म फरक राहतो आणि नियम उगाच चुकीची हाक देतो.

पण ‘पुरवठादाराचं राज्य आणि आपलं राज्य वेगळं असेल तर आयजीएसटीच (आंतरराज्य पुरवठ्यावरचा कर) हवा’ हा नियम लिहिताना जपून. नवीन माणूस तो हमखास लिहितो आणि तो हमखास चुकतो. पुण्यातल्या कंपनीचा माणूस पणजीत हॉटेलात राहिला. हॉटेलचा जीएसटीआयएन ३० ने सुरू होतो, कंपनीचा २७ ने. तरीही बिलावर सीजीएसटी आणि गोव्याचा एसजीएसटी लागतो, कारण निवासाच्या सेवेत पुरवठ्याचं ठिकाण म्हणजे जिथे ती वास्तू आहे ते. बिल बरोबर आहे, आणि पुण्याच्या नोंदणीवर त्याचं क्रेडिट मिळत नाही. उलट उदाहरण सेझचं (विशेष आर्थिक क्षेत्राचं): पुण्यातल्याच सेझमधल्या युनिटला पुण्यातूनच माल दिला तरी तो आंतरराज्य पुरवठा मानला जातो. म्हणून तुलना पुरवठादाराचं राज्य आणि ‘पुरवठ्याचं ठिकाण’ यांची करा, आपल्या पत्त्याची नको, आणि सेझसाठी वेगळी ओळ ठेवा. हॉटेलच्या बिलांसाठी अजून एक नियम जोडा: पुरवठ्याचं ठिकाण २७ नसेल आणि सीजीएसटी-एसजीएसटी लागला असेल तर क्रेडिटच्या रकान्यात ‘नाही’. इथे एकच नियम तपासतोही आणि बदलतोही.

पिनकोडचंही असंच. सहा अंक, पहिला अंक शून्य नाही, हे झालं. ४० ते ४४ ने सुरू होणारे महाराष्ट्राचे, असं लिहिलंत तर अख्खा गोवा महाराष्ट्रात येतो, कारण गोव्याचे पिन ४०३ ने सुरू होतात. अपवाद सामान्य नियमाच्या वरच्या ओळीत लिहा आणि तक्ता वरून खाली वाचला जाईल, पहिला लागू झालेला नियम अंतिम, असं ठरवून टाका. क्रम ठरलेला नसेल तर दोन नियम भांडतात आणि कोण जिंकलं हे नशिबावर राहतं.

एचएसएनचे अंक नेहमी सम संख्येत असतात: दोन, चार, सहा किंवा आठ. त्यामुळे तीन, पाच किंवा सात अंक दिसले की पुढचं शून्य गळालंय असा पहिला अंदाज बांधायला हरकत नाही. पण शून्य लावल्यावर तो संकेतांक यादीत आहे का आणि मालाच्या वर्णनाशी जुळतो का हे पाहा. ७१३ चं ०७१३ झालं आणि वर्णनात ‘तूरडाळ’ असेल तर ठीक. वर्णनात ‘स्टील फिटिंग’ असेल तर संकेतांकच चुकलाय, कारण लोखंडी-पोलादी फिटिंग ७३०७ मध्ये येतात.

आयएफएससीत (बँक शाखेच्या कोडमध्ये) अकरा चिन्हं असतात: चार अक्षरं बँकेची, पाचवं कायम शून्य, शेवटची सहा शाखेची. पाचव्या जागी ओ आला तर बिनधास्त शून्य करा. मात्र घडण बरोबर असूनही कोड मेलेला असू शकतो. देना बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाली, वर्षभराने सिंडिकेट बँक कॅनरामध्ये, आंध्रा आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत गेली, आणि त्यांचे कोड पुढे बदलले. जुन्या पार्टी मास्टरमध्ये (पार्ट्यांच्या कायमच्या माहितीच्या यादीत) ते अजून पडून असतात. पैसे पाठवण्याच्या रकान्यांवर म्हणूनच मी ‘दुरुस्त करा’ कमीत कमी आणि ‘थांबवा’ जास्तीत जास्त ठेवतो.

सातवी पायरी: तारखा, आणि तारीख लागलेले नियम

०३-०४-२०२५ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? आपल्याकडे ३ एप्रिल. पण अमेरिकन सेटिंग असलेल्या संगणकावर फाइल उघडली की तो ४ मार्च होतो, आणि बिल थेट मागच्या आर्थिक वर्षात जाऊन पडतं. ओळखायची खूण अशी: त्याच रकान्यात दिवस १२ च्या वर असलेल्या तारखा डावीकडे चिकटलेला मजकूर म्हणून राहतात आणि बाकीच्या उजवीकडे सरकतात. एकाच रकान्यात दोन्ही दिसले तर उजवीकडच्या तारखांवर विश्वास ठेवू नका, मूळ फाइलकडे परत जा.

नियमांनाही तारीख लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळजवळ सगळ्या वस्तूंवरून गेले, मुख्य दर ५ आणि १८ राहिले, आणि निवडक वस्तूंवर ४० आला. तक्त्यात फक्त ‘चालणारे दर’ अशी यादी असेल आणि तुम्ही तिच्यातून १२ खोडलं, तर ऑगस्टचं बरोबर बिल चुकीचं ठरेल. नाही खोडलं तर ऑक्टोबरचं चुकीचं बिल बरोबर ठरेल. म्हणून जुनी ओळ खोडायची नाही. तिच्या ‘कधीपर्यंत’ रकान्यात २१ सप्टेंबर २०२५ लिहायचं आणि नवी ओळ खाली जोडायची. तुलना बिलाच्या तारखेशी करायची, नोंद केल्याच्या तारखेशी नाही. जुन्या बिलावरची क्रेडिट नोट (रक्कम कमी केल्याची चिठ्ठी) नंतर आली तर तिच्यावर जुनाच दर असतो, शिवाय तंबाखूसारख्या काही वस्तूंवर २८ टक्के त्या तारखेनंतरही राहिले. तेव्हा इथे निकाल ‘विचारा’ हवा.

आठवी पायरी: एकच बिल दोनदा

दुबार नोंद शोधताना पुरवठादाराचा जीएसटीआयएन, आर्थिक वर्ष आणि बिल क्रमांक या तिघांची मिळून एक चावी करा. बिल क्रमांक वर्षभरात न पुनरावृत्त होणारा असावा असा नियम आहे, दुसऱ्या वर्षी तोच येऊ शकतो, म्हणून वर्ष लागतंच. आपल्याकडे ‘००४५/२५-२६’ आणि टूबीत ‘४५/२५-२६’ असतं. तुलनेसाठी एक वेगळा रकाना करून त्यात रेघा, मोकळ्या जागा आणि पुढची शून्यं काढा. पण हा रकाना फक्त तुलनेसाठी आहे. कागदावर जसा क्रमांक छापलाय तसाच तो नोंदीत राहिला पाहिजे.

नववी पायरी: नावं, गावं आणि देवनागरी

गावांच्या नावांसाठी दोन रकान्यांची यादी ठेवा, डावीकडे जे काही लिहून येतं ते, उजवीकडे आपण वापरायचं ते. औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद आणि धाराशिव, अहमदनगर आणि अहिल्यानगर या जोड्या तिथे हव्यातच, त्यांची इंग्रजी स्पेलिंगंही हवीत. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला, पण वसई-डहाणूच्या कितीतरी जुन्या पत्त्यांत अजून ‘जि. ठाणे’ आहे. जिल्ह्यानुसार विक्री पाहणाऱ्या धंद्याला हा फरक पडतो.

मराठीत ठेवलेल्या याद्यांचे त्रास आणखी खोल आहेत. मराठी अंकात लिहिलेली रक्कम एक्सेलने संख्या मानली नाही तर ती बेरजेतून शांतपणे गळते. ‘ॲ’ हे अक्षर एका चिन्हानेही लिहिता येतं आणि ‘अ’ वर चंद्र देऊनही. दिसतं सारखंच, संगणकाला दोन वेगळी. ‘दऱ्या’तला अर्धा र सुद्धा दोन रीतींनी टाइप होतो, त्यातल्या एकीत अदृश्य जोडचिन्ह असतं. अशा प्रत्येक जोडीसाठी एक बदलाचा नियम करा आणि सगळं एकाच रूपात आणा. फाइल श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फाँटमध्ये असेल तर ती आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या. रूपांतरानंतर जोडाक्षरं आणि रफार माणसाने वाचून पाहावेत. त्याआधी कोणताही नियम लावण्यात अर्थ नाही.

‘श्री गणेश ट्रेडर्स’, ‘श्रीगणेश ट्रेडिंग’ आणि ‘गणेश ट्रेडर्स, दादर’ एकच का? नावावरून यंत्राला ठरवू देऊ नका. ओपनरिफाइन नावाचं मोफत साधन सारख्या नावांचे गट करून दाखवतं, ते छान आहे. पण एकत्र करायचं की नाही ते पॅनवरून ठरवा.

दहावी पायरी: अहवाल आणि नियमांची चाचणी

अहवालात प्रत्येक ओळीसाठी चार गोष्टी हव्यात: मूळ किंमत, बदललेली किंमत, नियमाचा क्रमांक आणि काय करायचं ते. ‘एरर’ एवढंच लिहून उपयोग नाही. ‘ओळ ४१७: जीएसटीआयएन जुळत नाही, नववं चिन्ह बी आहे, तिथे अंक हवा; बिलाची प्रत पाहा’ असं लिहिलं तर कोणीही ते काम उचलू शकतो.

एका छोट्या शीटवर मुद्दाम रचलेल्या ओळी ठेवा. प्रत्येक नियमासाठी किमान एक ओळ पास होणारी, एक नापास होणारी, आणि प्रत्येक अपवादासाठी एक: पणजीचं हॉटेल, सेझ, २१ आणि २२ सप्टेंबरची दोन बिलं, वरचा खोटा जीएसटीआयएन. तक्त्यात काहीही बदललं की आधी ही शीट चालवा. अपेक्षित निकाल आले तरच खरं रजिस्टर घ्या.

ओळी लाखांत जाऊ लागल्या की पायथॉन किंवा एसक्यूएलकडे वळा. नियम शेकड्यांत गेले तर ड्रूल्ससारखी नियम चालवणारी साधनं आहेत, आणि निर्णयांचे तक्ते लिहिण्याची डीएमएन नावाची प्रमाणित पद्धतही आहे. तक्ता आधीपासून नीट लिहिलेला असेल तर साधन बदलणं जड जात नाही, कारण अटी तयारच असतात.

नोंद होते तिथेच

तक्ता दोन-तीन महिने चालला की पाहा, सगळ्यात जास्त ओळी कोणत्या नियमावर अडकतात. ते नियम नोंदीच्या जागी हलवा. एक्सेलच्या ‘डेटा व्हॅलिडेशन’मध्ये राज्याचा संकेतांक यादीतून निवडायला लावता येतो, जीएसटीआयएनची लांबी १५ वर अडवता येते, तारीख चालू आर्थिक वर्षाच्या आत बांधता येते. फक्त एवढं ध्यानात ठेवा की हे बंधन टाइप करणाऱ्याला अडवतं, कॉपी-पेस्ट करणाऱ्याला नाही. चिकटवलेला मजकूर तपासणीशिवाय आत जातो आणि त्या कप्प्यावरचं बंधनही पुसून टाकू शकतो. त्यामुळे पार्ट्यांकडून आलेल्या फाइली थेट रजिस्टरमध्ये चिकटवायची परवानगी कोणालाच देऊ नका. त्या पहिल्या पायरीच्या वाटेनेच आत आल्या पाहिजेत, टूबी यायच्या आदल्या दिवशी आल्या तरीही.